एका मनोऱ्याचं देऊळ

पिंगळी स्टेशनावर उतरून दोन कोस चाललं की बोरटाकळी येते, आणि गावाच्या आधी येतं ते पाद्रीचं देऊळ. उत्तरेला उंच मनोरा, दक्षिणेला छपरापर्यंत येऊन थांबलेला नुसता चौकोन. अंगरख्याची एक बाही शिवून शिंपी उठून गेला, तसं ते दिसतं. असं का, हे गावात कोणाला विचारू नये. विचारलं की ज्याला त्याला कंठ फुटतो. कोणी म्हणतं वीज पडली, कोणी म्हणतं सरकारने अडवलं, आणि ज्यांना काहीच माहीत नाही ते सगळ्यात जास्त वेळ बोलतात.

मी त्या देवळाचा मुन्शी, बन्सीधर. जन्माने हिंदू, पोटाने पाद्रीचा. उर्दूत अर्ज लिहायचे, तहसिलीत खेटे घालायचे, उरल्या वेळात दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या पोरांना अक्षरं शिकवायची. वीस वर्षं हेच चाललंय. माणूस कामाने थकत नाही हो, तेच काम उद्या पुन्हा आहे या जाणिवेने थकतो.

देऊळ उभं राहिलं संवत छप्पन्नच्या दुष्काळात, चाळीसेक वर्षांमागे. गोव्याहून एक पाद्री आले होते, गाव त्यांना अजून थोरले पाद्री म्हणतं. आधी त्यांनी कांजीच्या चुली मांडल्या. मग त्यांच्या मनात आलं, की फुकट खाणाऱ्याची मान खाली जाते, तेव्हा काम द्यावं आणि मग खायला द्यावं. आताचे पाटील किशनराव, त्यांच्या आजोबांनी पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, कडेची पडीक जागा देऊन टाकली. थोरल्या पाद्रींजवळ त्यांच्या गावच्या देवळाचं एक चित्र होतं, पोर्तुगीज धाटणीचं. दोन मनोरे, मध्ये लाटेसारखी चढत-उतरत गेलेली दर्शनी भिंत. ते चित्र त्यांनी मुंजाजी गवंड्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, हे कर.

मुंजाजीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या महादेवाची शिखरं करायची कला. विटेचं अंग, चुन्याचा साज. गोवा त्याने पाहिला नव्हता, समुद्रही नाही. चित्रात भिंतीच्या दोन्ही कडांना गुंडाळत गेलेले वळसे होते, त्याच्या हातून त्यांच्या हत्तीच्या सोंडा झाल्या. कोनाड्यावर शिंपला होता, त्याचं कमळ झालं. देवदूतांना त्याने पंख दिले ते पोपटाचे, आणि कानात भिकबाळी घातली. दार त्याने पूर्वेला ठेवलं, कारण देवाचं तोंड उगवतीकडे असतं यावर त्याच्या लेखी चर्चाच नव्हती. थोरले पाद्री म्हणे पुष्कळ हसले आणि म्हणाले, असू दे, देवाला इकडचीही सवय होईल.

चुना मात्र त्यांनी स्वतः राखला. घाण्यात चुना दळताना त्यात गूळ पडतो, हिरडा पडतो, उडदाचं पाणी पडतं, तेव्हा तो दगडासारखा धरतो. दुष्काळात गूळ आणि उडीद भिंतीला खाऊ घालायचे आणि पोरांनी बघत राहायचं, हे सोपं नव्हतं. पाद्री दिवसभर घाण्यापाशी खुर्ची टाकून बसत. त्यांचा कोणावर विश्वास नव्हता असं नाही, त्यांना भूक माहीत होती.

उत्तरेचा मनोरा झाला, क्रूस चढला. दक्षिणेचा चढवायची वेळ आली तेव्हा मुंजाजी परांचीवरून खाली उतरला. म्हणाला, शेवटचा कळस चढण्याआधी मालक गवंड्याला पागोटं बांधतो, नारळ देतो. आमचा मान द्या, मग हात लावतो. थोरल्या पाद्रींनी नकार दिला. हा हिंदूंचा विधी, देवाच्या घरात चालायचा नाही. मुंजाजीने थापी धुतली आणि घरी गेला. पुढे थोरले पाद्री गोव्याला परतले आणि तिकडेच वारले. मनोरा राहिला तो राहिला.

आता आमच्याकडे एक रीत आहे. ज्याचा कळस अर्धा राहिला त्या कामाला दुसरा गवंडी हात लावत नाही, आणि तो गवंडीही दुसऱ्या कोणत्या कळसाला चालत नाही. त्याच्या घराण्यालाच चालत नाही. त्यामुळे मुंजाजीचा मुलगा आश्रुबा, ज्याच्या बोटांत बापाहून जास्त कसब आहे असं सगळे म्हणतात, तो जन्मभर हौद, उंबरे आणि गोठ्याच्या भिंती करत आला. चाळिशी उलटली, एक शिखर नशिबी नाही. पालमकडच्या, पाथरीकडच्या गवंड्यांची शिखरं बघायला तो पायी जायचा आणि परत येऊन गोठ्याच्या भिंतीला लागायचा. मला त्याची दया यायची. दया करून काय होतं, ते सोडा.

आमचे धाकटे पाद्री तीन वर्षांमागे आले. तेही गोव्याचेच, पण थोरल्यांसारखे दणकट नाहीत. हिवतापाने निम्मे झालेले. दिवाळीनंतर बिशपसाहेब येणार असा निरोप आला आणि त्यांनी मनोऱ्याचा ध्यास घेतला. नवं बांधकाम म्हटलं तर इजाजत मिळायला जन्म जाईल, म्हणून मी जुन्याची दुरुस्ती असा अर्ज केला आणि उन्हाळाभर तहसिलीच्या ओट्यावर बसून काढला. इजाजत आली. मग आश्रुबाला बोलावलं.

आश्रुबा म्हणाला, करतो, पण कळसाआधी आबाला मान द्यावा लागंल. त्याच सुमारास किशनराव पाटलांच्या महादेवाच्या शिखराला भेगा गेल्या होत्या. पाटील मला म्हणाले, पाद्रींनी मान दिला आणि मनोरा पुरा झाला तर आमचा कळस आश्रुबालाच, परगावचा गवंडी कशाला आणू. हे ऐकलं आणि आश्रुबाने दुसऱ्या दिवशी परांची बांधायला घेतली. चार जणांचं काम एकटा करायचा. त्याला मी पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं ते तेव्हा.

मुंजाजी सत्तरीच्या पुढचा, पायांतून गेलेला. दिवसभर बाजेवर. मनोरा चढायला लागल्याचं कळलं तेव्हा त्याने मलाच बोलावून घेतलं आणि विचारलं, पाद्री सोताच्या हातानं पागोटं बांधणार का? दुसऱ्याच्या हातचं आपल्याला नको. मी आलो पाद्रींकडे. ते अंथरुणावर काकडत होते. दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, पागोटं म्हणजे कापडच, कापडात पाप नाही. मी परत गेलो, सांगितलं.

म्हातारा खूश होईल असं वाटलं होतं. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, नारळ आन् गंध न्हाई तर मान कसला? पुन्हा पाद्रींकडे. गंध लावणं त्यांच्या धर्मात बसेना. शेवटी ठरलं की नारळ ते देतील आणि गंध किशनराव लावतील. पुन्हा मुंजाजीकडे. आता काय काढतो म्हणून मी दारातच उभा राहिलो. तो छपराकडे बघत पडला होता. मग म्हणाला, सगळ्या गावापुढं पाद्रींनी म्हणलं पायजे, की तवा आमचं चुकलं.

मला राग आला. मी त्याला म्हटलं, म्हाताऱ्या, तुझ्या लेकाचं आयुष्य या पागोट्यापायी वाळून गेलं. देणारा द्यायला तयार आहे आणि तू अटी वाढवत बसलास. लेकाचा तरी विचार कर. तो अटीवरून हटला नाही. धाकटे पाद्री यालाही हो म्हणतील असं मला वाटत नव्हतं, पण ते हो म्हणाले. तापातून उठलेल्या माणसाला हट्ट करण्याचंही त्राण नसतं. म्हणाले, आमची चूक होती असं म्हणायला माझं काय जातं, मुन्शीजी, बहुतेक ती होतीच.

मी हे मुंजाजीला सांगितलं तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, समाधान झालं.

मनोरा भराभर वर गेला. आश्रुबाने उत्तरेच्या मनोऱ्याची हुबेहूब जोडी उतरवली, तीच सोंड, तेच कमळ, देवदूताच्या कानात तीच भिकबाळी. एका सकाळी मला दाराच्या दक्षिणेला भिंतीत केसासारखी रेघ दिसली. मी त्याला दाखवली. म्हणाला, गिलावा वाळताना असं व्हतंय, मुन्शीजी. आणि ओला चुना भरून तिथे पांढरा पट्टा ओढला. मला त्यातलं काही कळत नाही. त्याच्या तोंडावरचा उजेड बघून मी पुढे विचारलं नाही.

मानाचा दिवस ठरला. सकाळी सगळं गाव देवळापुढे जमलं. ख्रिस्ती मंडळी एका बाजूला, बाकीची एका बाजूला, पोरं सगळीकडे. मुंजाजीला बाजेसकट आणलं. पुढून आश्रुबाने धरलं होतं, मागून पाटलांच्या गड्याने. म्हाताऱ्याने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मानाच्या दिवशी गवंडी उपास करतो, तसा तो होता. बाज दारापुढे ठेवून आश्रुबा परांचीवर चढला. क्रूस वर आधीच नेऊन ठेवला होता, तो कापडात गुंडाळलेला होता.

धाकटे पाद्री पुढे आले. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. म्हणाले, या माणसाने हे घर बांधलं आणि आम्ही त्याला त्याचा मान दिला नाही. ती चूक आमची. मग त्यांनी लाल पागोटं मुंजाजीच्या डोक्याला बांधलं. त्यांना बांधता येत नव्हतं, एका बाजूने सुटत होतं, तरी स्वतःच्याच हाताने बांधलं. नारळ दिला. किशनरावांनी गंध लावलं आणि मोठ्याने म्हणाले, "आता आमच्या महादेवाचा कळस आश्रुबाच करंल." वरून आश्रुबा बघत होता. एवढा मोठा गडी, बाहीने डोळे पुसत होता.

मुंजाजी म्हणाला, मला जरा भिंतीपाशी न्या. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला आपलं काम डोळे भरून बघायचंय. गड्याने आणि मी बाज दक्षिणेच्या कोपऱ्याशी नेली. तिथे तो पांढरा पट्टा होता. त्या पट्ट्यातच मधोमध पुन्हा रेघ उतरली होती, आता तिच्यात नख जाईल इतकी. मुंजाजीने नख घातलं. उकरून आत बोट घातलं. थोडा चुना त्याच्या मांडीवर सांडला. मग त्याने वर बघितलं.

"आश्रुबा, खाली उतर."

"क्रूस बसवून उतरतो, आबा."

"ऱ्हाऊ दे तो. उतर. या मनोऱ्याखाली पेव हाय."

पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, तोंडाशी अरुंद आणि खाली पोटाला मोठं. आमच्याकडच्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आश्रुबा उतरला. उतरताना त्याने परांचीचा प्रत्येक बांबू धरून बघितला, एवढं मला आठवतं.

मग म्हातारा बोलला. थांबत थांबत, कोणाकडेही न बघता. दुष्काळात पाया खणताना या कोपऱ्यात कुदळ आरपार गेली आणि आतून कोंदट वास आला. दिवा सोडला तर तो विझला. वाफ जाऊ देऊन मुंजाजी स्वतः उतरला. वरची ज्वारी कुजून काळी झाली होती, खालची धड होती. किशनरावांचे पणजोबा पटकीत अचानक गेले, त्यांनी भरलेलं हे पेव घरात कोणाला माहीतच नव्हतं. पाटलाला सांगितलं तर ज्वारी पाटलाची. पाद्रींना सांगितलं तर तो सरळ माणूस, तोही पाटलालाच बोलावणार. म्हणून मुंजाजीने कोणालाच सांगितलं नाही. पायाची माती टाकायला बायका टोपल्या वाहत होत्या. त्याची बायको चतुराबाईही त्यांतच होती. तिच्या टोपलीत खाली ज्वारी आणि वर मातीचा थर. असं करत पेव रिकामं झालं.

रिकामं पेव दगड आणि चुन्याने भरून घ्यायला पाहिजे होतं. पण त्याला लागेल तेवढा चुना पाद्रींकडे मागायचा तर कशाला ते सांगावं लागलं असतं. म्हणून मातीच लोटली आणि तिच्यावर पाया रचला. भिंती छपरापर्यंत गेल्या, धरून राहिल्या. मनोऱ्याच्या पहिल्या थराला या कोपऱ्यात रेघ पडली. तेव्हा त्याने परांचीवरून उतरून पागोटं मागितलं. थोरले पाद्री नाही म्हणणार हे त्याला ठाऊक होतं.

धाकट्या पाद्रींनी विचारलं, आणि थोरल्यांनी बांधलं असतं तर?

"तर तवाच हे सांगावं लागलं असतं, पाद्रीबाबा. तुमी बांधलंत."

मला तेव्हा समजलं की मी पायपीट करून एकेक अट पुरी करत होतो आणि म्हाताऱ्याच्या सुटकेचं एकेक कवाड बंद करत होतो. मान नाही मिळाला म्हणजे मनोरा थांबेल, एवढीच त्याची आशा होती. आणि दुसरीही एक होती, ती त्याने आपणहून सांगितली. इतक्या वर्षांत माती बसली असेल, पेलेलही, असं त्याला वाटत होतं. ती रेघ बघेपर्यंत.

त्याने पागोटं काढलं. घडी घालायचा प्रयत्न केला, जमेना, तसंच पाद्रींच्या हातात दिलं. ते लाल कापड धरून पाद्री उभे राहिले. कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

किशनरावांनी एकच विचारलं, "किती व्हती ज्वारी?"

"उन्हाळा निघाला तिच्यावर, मालक."

पाटलांनी त्या भिंतीकडे बघितलं. ते रागावले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं. ते नुसते वळले. त्यांचा गडी त्यांच्या मागे गेला. त्यांच्यामागे गावही पांगलं. महादेवाच्या कळसाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि काढायचं कारणही उरलं नव्हतं. त्या आठवड्यात पालमचा गवंडी येऊन शिखर बघून गेला.

देवळापुढे आम्ही चौघं उरलो. आश्रुबा बाजेसमोर उभा होता. हातात थापी होती, ती तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. मला भीती वाटली तो काही करील. त्याने काही केलं नाही. फार हळू बोलला.

"आबा, मी हौद केले. लोकांचे गोठे केले. तुमच्या मानापायी करायलोय म्हणून लोकाला छाती काढून सांगायचो. मला एकट्याला तरी सांगायचं व्हतं तुमी."

म्हाताऱ्याने मान हलवली, पण ते हो होतं की नाही ते कळलं नाही.

"तुझ्या आधीची दोन लेकरं त्या वर्साला गेली, आश्रुबा. तू अंगावर पीत व्हतास. तुझ्या आईला दूध न्हवतं. त्या ज्वारीवर तिला दूध आलं."

आश्रुबा खाली बसला. नुसता बसला, जसा दिवसाचं काम संपल्यावर माणूस बसतो. ऊन वर चढलं. पाद्रींना ताप भरत होता, मी त्यांना आत जायला सांगितलं, ते गेले. मनोरा उतरवावा लागेल, हे सांगायची कोणाला गरज पडली नाही. आज ना उद्या आश्रुबाच तो उतरवणार होता, स्वतः घातलेली एकेक वीट, ती सोंड, ते कमळ.

बऱ्याच वेळाने तो उठला आणि पुढच्या टोकाशी जाऊन बाजेचे दोन्ही पाय धरले. मागचं टोक धरायला कोणी नव्हतं. मी धरलं. म्हातारा हलका होता, तरी मला धाप लागली. आश्रुबा पुढे चालत होता, त्याची पाठ तेवढी दिसत होती. वेशीतून जाताना ओट्यावरची माणसं बोलायची थांबली, आम्ही गेल्यावर पुन्हा बोलू लागली. मुंजाजीने दोनदा त्याला हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाला, "आश्रुबा, बोल की लेकरा कायतरी."

आश्रुबा चालतच राहिला. घराच्या वळणावर आल्यावर, मागे न बघता त्याने विचारलं, "भूक लागली का तुमाला?"

"व्हय," म्हातारा म्हणाला.